भुतांच्या गराड्यातला एन्सॉर : एका आत्मचित्रावरच्या कामाच्या प्रकल्प नोंदी

४ जून २०२५

पावसाळी सत्रासाठी आमच्या कलारसास्वाद गटाने 'आत्मचित्र' हा विषय घेतला आणि त्यातला बेल्जियन चित्रकार जेम्स एन्सॉर (१८६०–१९४९) माझ्या वाट्याला आला. तासाभराचे सचित्र व्याख्यान आणि सभासदांच्या हाती देण्यासाठी चार पानांचे टिपण, असे कामाचे स्वरूप आहे. एन्सॉरने स्वतःला शंभराहून अधिक वेळा रंगवले, रेखाटले, कोरले. कधी फुलांची टोपी घातलेला, कधी सांगाडा झालेला, कधी ताटात वाढलेले नुसते मुंडके. एवढ्या पसाऱ्यातून मी एकच प्रतिमा उचलली आहे, ती म्हणजे भुतांच्या गराड्यात सापडलेला एन्सॉर. 'मला सतावणारी भुते' हे तिचे मराठी नाव टिपणापुरते पक्के केले. ही प्रतिमा त्याने १८८८ मध्ये रेखाटली, १८९५ मध्ये धातूच्या पत्र्यावर एचिंग (आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेले चित्र) म्हणून उतरवली आणि १८९८ मध्ये पॅरिसमधल्या स्वतःच्या प्रदर्शनाच्या पोस्टरवर पुन्हा आणली.

चित्रात काय दिसते ते आधी साध्या शब्दांत लिहून ठेवतो. मध्यभागी दाढीवाला, कोट घातलेला एन्सॉर आहे आणि त्याला चिकटून, त्याच्या चहूबाजूंनी शिंगे, चोची, कवट्या आणि दात विचकणारे जबडे यांची दाटी झाली आहे. संत अंतोनीच्या छळाचा प्रसंग युरोपात शतकानुशतके ज्या पद्धतीने चितारला गेला तीच ही मांडणी आहे. फरक एवढाच की संत उठून गेला आहे आणि त्याच्या जागेवर चित्रकार येऊन बसला आहे. संताची जागा घेताना एन्सॉरने त्याच्या कथेतले काय बरोबर आणले आणि काय बाहेरच ठेवले, एवढाच प्रश्न मी व्याख्यानासाठी धरला आहे. बाकी सगळे त्याच्या आधाराने येईल.

८ जून

संताची ओळख टिपणाच्या पहिल्याच पानावर द्यावी लागणार, कारण आपल्याकडे संत अंतोनी म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो पादुआचा अंतोनी : कडेवर बाळ येशू असलेला, हरवलेली वस्तू मिळवून देणारा. वसईतल्या घरांत आणि गोव्यातल्या चॅपेलांत तसबीर असते ती त्याची. शिवोलीच्या चर्चमध्ये तर दोरीत अडकवलेला साप हाती धरलेला त्याचा पुतळा आहे. एन्सॉरच्या चित्रामागे उभा असलेला अंतोनी त्याच्या सुमारे नऊशे वर्षे आधीचा, इजिप्तच्या वाळवंटातला तपस्वी होय. इ. स. २५१ च्या सुमारास जन्मलेला हा माणूस आईवडिलांच्या मृत्यूनंतर जमीनजुमला वाटून टाकून एकांतात गेला आणि परंपरा सांगते की १०५ वर्षे जगला. अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याचे चरित्र ग्रीकमध्ये लिहिले आणि पुढच्या बहुतेक चित्रांचे मूळ त्या चरित्रात आहे.

आज ते चरित्र पुन्हा वाचताना लक्षात राहिला तो त्यातला क्रम. सैतान आधी मोह घालतो. सोडून दिलेल्या मालमत्तेची आठवण, मागे ठेवलेल्या बहिणीची काळजी, पैसा, कीर्ती, चांगलेचुंगले खाणे, आणि हे सगळे फसल्यावर रात्री स्त्रीचे रूप. त्यानेही काम भागत नाही तेव्हा मारहाण सुरू होते. गावाबाहेरच्या थडग्यात स्वतःला कोंडून घेतलेल्या अंतोनीला भुते इतके बदडतात की लोकांना तो मेल्यासारखा सापडतो. शुद्ध आल्यावर तो मला परत तिथेच नेऊन ठेवा म्हणतो, आणि मग सिंह, अस्वले, बिबटे, बैल, साप, विंचू, लांडगे अशी रूपे घेऊन भुते भिंतींतून आत घुसतात. शेवटी छप्पर उघडल्यासारखे होऊन प्रकाशाचा झोत खाली येतो. अंतोनी विचारतो, तू इतका वेळ होतास कुठे, सुरुवातीलाच का आला नाहीस? उत्तर येते की मी इथेच होतो, तुझी झुंज बघत होतो.

मोह, मार आणि सुटका, असे तीन टप्पे. कोणत्या चित्रकाराने यातला कोणता टप्पा उचलला यावरून त्या चित्रकाराबद्दल बरेच काही कळते. जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डने इसेनहाइमच्या मठासाठी केलेल्या वेदिचित्रात (१५१२–१६) अंतोनीच्या फलकावर खालच्या कोपऱ्यात एक कागदाचा कपटा रंगवलेला आहे आणि त्यावर लॅटिनमध्ये 'कुठे होतास' हाच प्रश्न लिहिलेला आहे. तो मठ अंगाची आग करणाऱ्या अर्गटच्या (धान्यावर येणाऱ्या बुरशीच्या) विषबाधेच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या पंथाचा होता, त्या रोगाचे नावच 'संत अंतोनीची आग' असे पडले होते. तेव्हा तिथल्या रुग्णाला मोहाशी कर्तव्य नव्हते, त्याला मार आणि सुटका एवढेच समजत होते.

१३ जून

मार्टिन शोंगाउअर या जर्मन चित्रकाराचे संत अंतोनीच्या छळाचे ताम्रपटावरचे कोरीव चित्र आज मोठे करून पाहिले. साल १४७० ते १४७५ च्या आसपासचे, कागद उंचीला एक फुटाच्या आतबाहेर. एन्सॉरच्या आत्मचित्राला ज्या घराण्यातले म्हणायचे त्याचा मूळ पुरुष हाच आहे, त्यामुळे व्याख्यानात याला भरपूर वेळ द्यायचा असे ठरवले.

अंतोनी जमिनीवर नाहीच. खाली उजव्या कोपऱ्यात खडकाचा एक तुकडा दिसतो, त्यावरून उंचीचा अंदाज येतो. बाकी सगळे आकाश जवळजवळ कोरे ठेवलेले आहे. त्या पोकळीत नऊ भुतांनी त्याला अधांतरी धरले आहे. अथानासियसच्या चरित्रात पुढे एक प्रसंग येतो : प्रार्थनेच्या वेळी अंतोनीला आपण देहाबाहेर पडून वर नेले जात आहोत असे दिसते आणि वाटेत हवेतली दुष्ट सत्त्वे आडवी येऊन त्याच्या आयुष्याचा हिशेब मागतात. शोंगाउअरचे चित्र त्याच्याशी जोडले जाते. एक भूत केसांना झोंबते आहे, एक झग्याला, एकाने सोटा उगारला आहे. अंतोनीचा चेहरा मात्र शांत, किंचित खाली झुकलेला, कंटाळलेला म्हणावा इतका स्थिर आहे.

भुतांच्या अंगाची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. माशाचे खवले, वटवाघळाचे पंख, डुकराचे मुस्कट, काटेरी पाठ, असे निसर्गात वेगवेगळे सापडणारे अवयव एकाच देहाला जोडलेले आहेत, त्यामुळे प्रत्येक तुकडा खरा वाटतो आणि आख्खे जनावर अशक्य वाटते. किशोरवयीन मायकेलँजेलोने हे चित्र रंगांत उतरवले आणि खवल्यांसाठी मासळीबाजारात जाऊन मासे न्याहाळले, असे त्याचे चरित्रकार सांगतात; टेक्सासच्या किंबेल संग्रहालयात असलेला एक छोटा लाकडी फलक त्याचाच मानला जातो. ऑस्टेंडसारख्या मासेमारीच्या बंदरात जन्मलेल्या एन्सॉरला यासाठी घराबाहेर फार लांब जावे लागले नसते, ही माझी आपली पुस्ती.

एन्सॉरने शोंगाउअरकडून घेतले ते मधल्या माणसाचे स्थैर्य. भुते हलतात, माणूस हलत नाही. पण शोंगाउअरने भोवती जी कोरी हवा ठेवली होती ती एन्सॉरने ठेवली नाही, कागद कडेपर्यंत भरून टाकला.

१६ जून

आमच्या गटातल्या एका छापचित्रकार बाईंच्या कार्यशाळेत दुपार घालवली. दोन्ही चित्रांचे मोठे छाप शेजारी शेजारी मांडून त्यांना फक्त रेषेबद्दल बोलायला सांगितले. त्यांनी आधी माझ्या हातात बुरिन दिले. लाकडी मुठीचे, टोकाला तिरके घासलेले पोलादी हत्यार; तळहाताच्या जोराने पुढे रेटायचे आणि वळण हवे असेल तर हात न वळवता खालचा पत्रा फिरवायचा. "अहो, हा नांगर आहे, याला मनाला येईल तिकडे नेता येत नाही," त्या म्हणाल्या. शोंगाउअरची रेषा म्हणूनच सुरुवातीला बारीक, मध्ये भरीव आणि शेवटी पुन्हा बारीक होते, आणि प्रत्येक खवला वेगळा मोजता येतो.

मग एचिंगची सुई. पत्र्यावर मेणाचा पातळ थर असतो, सुईने फक्त तो खरवडायचा आणि खणण्याचे काम आम्लावर सोपवायचे. हाताला विरोध होत नाही, त्यामुळे रेषा थरथरते, अडखळते, मध्येच सोडून दुसरीकडून सुरू होते. बाईंनी भिंगाखाली एन्सॉरच्या चित्राचा एक कोपरा धरला आणि एका भुताची बाह्यरेषा बोटाने मागोवा घेत नेली. ती दुसऱ्या भुताच्या केसांत शिरली, तिथून पार्श्वभूमीच्या खरवडीत मिसळली आणि हरवली. "हे कुठं संपतं ते त्यानं ठरवलेलंच नाही," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी टिपणात त्यांच्या परवानगीने घेणार आहे. शोंगाउअरच्या भुतांची मोजदाद करता येते, एन्सॉरच्या भुतांची करायला गेलो तर आकडा प्रत्येक वेळी वेगळा येतो. मोजता येणारा शत्रू बाहेरचा असतो. इथे तर चित्रकाराचा कोट ज्या रेषेने काढला आहे त्याच रेषेची भुतेही झाली आहेत, आणि मला प्रतीकाचा पहिला पुरावा इथे, पत्र्यावरच्या खरवडीत दिसतो. शिंगाशेपटीत तो नंतर शोधावा.

छापही लहान आहे, पोस्टकार्डाहून फार मोठा नाही. पडद्यावर तो आठ फुटांचा दिसेल तेव्हा हे सांगायला विसरायचे नाही.

२१ जून

ऑस्टेंडविषयीचे पान लिहिले. एन्सॉरचे वडील इंग्रज, आई तिथलीच. आईच्या माणसांची समुद्रकाठी येणाऱ्या पर्यटकांसाठी दुकाने होती आणि त्यांत शंखशिंपले, चिनी वस्तू, पेंढा भरलेले प्राणी आणि कार्निव्हलचे मुखवटे विकायला असत. ब्रसेल्सच्या अकादमीतली १८७७ ते १८८० ही तीन वर्षे सोडली तर हा माणूस जन्मभर ऑस्टेंडला राहिला. १९१७ मध्ये काकांकडून आलेल्या घरात तो शेवटपर्यंत राहिला आणि तळमजल्यावरचे दुकान त्याने तसेच ठेवले. ते घर आता संग्रहालय आहे.

त्याच्या मुखवट्यांवर आणि भुतांवर लिहिणारे बहुतेक लोक याच दुकानापासून सुरुवात करतात आणि बरेचसे तिथेच थांबतात. दुकानाने त्याला सामान पुरवले हे खरे. पण सामान आधीपासून घरात असताना भुते नेमकी १८८७–८८ मध्ये का आली, याचे उत्तर दुकानात मिळत नाही. १८८७ हे वर्ष त्याच्यासाठी वाईट गेले; दारूने खंगलेले वडील गेले आणि आईकडची आजीही गेली. त्याच वर्षी त्याने संत अंतोनीवर दोन मोठी कामे केली. एक तैलचित्र, आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेले, सुमारे ११८ × १६८ सेंमी. दुसरे शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असलेले प्रचंड रेखाचित्र, कागदाचे ५१ तुकडे जोडून केलेले, माणसाच्या उंचीचे. या दुसऱ्यामागे फ्रेंच लेखक फ्लोबेरची १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेली, अंतोनीच्या एका रात्रीवरची साहित्यकृती आहे, जिच्यात पाखंडी पंथ, देवदेवता आणि राक्षस यांची अखंड मिरवणूक संतासमोरून जाते.

या दोन्ही कामांत संत हा संतच आहे. पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, संताच्या जागी एन्सॉर स्वतः आला. माझ्या दृष्टीने या एका वर्षाच्या अंतरात सगळे आत्मचित्र घडले आहे : आधी प्रसंग हाताखालून घालवून त्याचे व्याकरण शिकायचे आणि मग कर्ता बदलायचा.

२२ जून

प्रतिमांच्या हक्कांचे पाहिले. एन्सॉर १९ नोव्हेंबर १९४९ रोजी वारला. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षे आणि युरोपीय संघात ७० वर्षे हा नियम धरला तर दोन्हीकडे मुदत संपलेली आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपल्या सार्वजनिक मालकीच्या कलाकृतींची छायाचित्रे मुक्त केलेली आहेत. मेट्रोपॉलिटनमधला शोंगाउअर घेतला.

२८ जून

आज बराच वेळ एका लहानशा पाटीवर गेला. येशूच्या क्रुसावर डोक्याच्या वर जी पाटी असते आणि जिच्यावर 'नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे असतात, ती पाटी.

फेलिसियाँ रॉप्स हा एन्सॉरहून २७ वर्षांनी मोठा बेल्जियन चित्रकार. १८७८ मध्ये त्याने संत अंतोनीच्या मोहाचे चित्र केले आणि ते बेल्जियममध्ये चांगलेच गाजले. अंतोनी पोथी वाचतो आहे, डोळे वर करतो तो समोरच्या क्रुसावर येशूच्या जागी हसरी नग्न स्त्री, आणि वरच्या पाटीवर 'इरॉस'. येशू बाजूला ढकलला गेला आहे. मोहाचा अर्थ कामवासना असा एकच घेतला की चित्र किती सोपे होऊन जाते ते पाहण्यासाठी हे उत्तम उदाहरण आहे. कौशल्य वादातीत, पण कोडे एका नजरेत सुटते आणि मग पुन्हा पाहावेसे वाटत नाही.

आठ वर्षांनी, १८८६ मध्ये, एन्सॉरने 'कॅल्व्हरी' हे रेखाचित्र केले. क्रुसावर तो स्वतः आहे. कुशीत भाला खुपसणारा माणूस म्हणजे त्या काळचा वजनदार समीक्षक एदुआर फेतिस. आणि वरच्या पाटीवर लिहिले आहे 'एन्सॉर'. त्याने रॉप्सला उत्तर म्हणून हे केले असा माझा दावा नाही. परंतु एकाच देशात, एकाच दशकाच्या अंतरात, त्याच चार बोटांच्या पाटीवर एकाने कामदेवाचे नाव घालावे आणि दुसऱ्याने स्वतःचे, ही दोन चित्रे शेजारी लावली की पुढचे बरेच बोलणे आपोआप सोपे होते.

एन्सॉर येशूच्या भूमिकेत वारंवार गेला. १८९१ च्या एका चित्रात तो काट्यांचा मुकुट घालून फेतिस आणि माक्स सुल्झबर्जर या दोन समीक्षकांच्या मध्ये उभा आहे. १८८८ चे 'येशूचा १८८९ मधला ब्रसेल्सप्रवेश' हे अवाढव्य चित्र, ज्यातल्या गर्दीत हरवलेल्या येशूचा चेहरा एन्सॉरशी जुळतो असे पुष्कळांना वाटते, ते तर त्याच्या स्वतःच्या 'ले वँ' या गटानेही नाकारले. १८८३ मध्ये वीस कलावंतांनी मिळून काढलेल्या या गटाचा तो संस्थापक सभासद होता. ते चित्र १९२९ पर्यंत लोकांसमोर आलेच नाही.

येशूची भूमिका घेतली की कथा ठरलेली असते. मरण आहे, मरणाला अर्थ आहे आणि तिसऱ्या दिवशी उठणे आहे. छळणारे लोक दोषी आणि छळला जाणारा निर्दोष, यात शंकेला जागा राहत नाही. अशा चित्रांत एन्सॉरची कुरकुर मला कधी कधी जड जाते. अंतोनीची भूमिका मात्र हलकी आहे. अंतोनी मरत नाही, त्याचा न्याय होत नाही, त्याला नुसते सतावले जाते. आणि जी भुते त्याला सतावतात ती खरोखर तिथे आहेत की त्याच्याच डोक्यात आहेत हे चरित्रकारालाही पुरते सांगता येत नाही. विनोदाला इथे वाव आहे आणि एन्सॉर हा हाडाचा विनोदी माणूस होता, हे या चित्राकडे पाहताना विसरून चालणार नाही.

३ जुलै

टिपणाचा कच्चा खर्डा गटात फिरवला. दोघातिघांनी प्रतीकांची यादी मागितली : कवटी म्हणजे मृत्यू, चोच म्हणजे अमुक, शिंग म्हणजे तमुक, असा तक्ता पाठीमागच्या पानावर द्यावा. मागणी समजण्यासारखी आहे, परंतु मी तो देणार नाही, आणि कारण एन्सॉरच्याच कामातून देता येते.

नाव द्यायचे असेल तेव्हा हा माणूस सरळ नाव देतो. 'कॅल्व्हरी'त फेतिस नावानिशी आहे. भुतांच्या एचिंगनंतर लगेचच, १८९६ मध्ये, त्याने 'धोकादायक स्वयंपाकी' हे चित्र केले. त्यात एन्सॉरचे मुंडके माशाच्या धडाला जोडून ताटात वाढले आहे आणि ते वाढणारे स्वयंपाकी म्हणजे 'ले वँ'चा चिटणीस ऑक्ताव्ह माउस आणि वकील-समीक्षक एदमाँ पिकार. कोण कोणाला खातो हे ब्रसेल्समधल्या कोणालाही कळावे इतके ते उघड आहे. त्याच हाताने, त्याच सुमारास, भुतांच्या चित्रात मात्र एकाही भुताच्या गळ्यात पाटी अडकवलेली नाही. जो चित्रकार पाट्या लावायला मुळीच कचरत नाही त्याने इथे त्या लावल्या नाहीत, याचा अर्थ ही भुते ओळखली जाऊ नयेत अशीच त्याची इच्छा असावी. तक्ता दिला की आपण त्याच्या जागी पाट्या लावत बसू.

त्याऐवजी जे चित्रात नाही त्याची मोजणी करावी असे मी सुचवले. अंतोनीच्या चित्रांतल्या नेहमीच्या खुणा नाहीत : टी-आकाराची काठी नाही. घंटा नाही, डुक्कर नाही, पोथी नाही, झगा नाही. भुलवणारी स्त्री नाही, सोने नाही, पक्वान्ने नाहीत. वर उघडणारे छप्पर नाही आणि प्रकाशाचा झोतही नाही. अथानासियसच्या तीन टप्प्यांपैकी मोह गेला, सुटका गेली, उरला तो मधला मार. आणि तोही मार म्हणावा इतका नाही. ढोसणे, वाकुल्या दाखवणे, कानाशी कुजबुजणे.

मोह काढून टाकल्याने काय होते? मोहाच्या कथेत संताला निवड असते, हो म्हणायचे की नाही. निवड आहे म्हणून परीक्षा आहे आणि परीक्षा आहे म्हणून उत्तीर्ण होणे आहे. एन्सॉरपुढे कोणी काहीच धरलेले नाही, त्यामुळे नाकारून मोठे होण्याची सोयही त्याला उरलेली नाही. आणि 'कुठे होतास' हे विचारावे तर ज्याला विचारायचे त्याची जागा चित्रात नाही. त्या दिशेला, चित्राच्या पुढ्यात, आपण बघणारे उभे आहोत.

हा परिच्छेद टिपणाच्या मध्यभागी जाईल. तक्त्याच्या जागी १८८८ च्याच 'विचित्र कीटक' या एचिंगचे छोटे चित्र देईन. त्यात एन्सॉर स्वतः माणसाच्या तोंडाचा भुंगा झाला आहे आणि त्याची स्नेही मारिएत रूसो, जी बुरशी आणि अळिंबी यांची अभ्यासक होती, ती चतुर झाली आहे. विजोड अवयव जोडण्याची जी युक्ती भुतांसाठी वापरली जाते ती त्याने स्वतःवर आणि जिवलग मैत्रिणीवरही चालवली, हे दिसले की भूत म्हणजे शत्रू हे समीकरण सैल पडते.

५ जुलै

तुलनेसाठी दोन सूचना आल्या होत्या. पहिली अजिंठ्याच्या पहिल्या आणि सव्विसाव्या लेण्यातल्या मारविजयाची, म्हणजे बुद्धाने मोह घालणाऱ्या माराला जिंकल्याच्या प्रसंगाची. मधोमध निश्चल पुरुष आणि भोवती भुताखेतांची झुंबड ही मांडणी खरोखर सारखी आहे, आणि माराच्या मुलींमुळे तिथे मोहही आहे. परंतु ते आत्मचित्र नाही आणि तिथल्या चित्रकाराला बुद्धाच्या आसनावर स्वतः बसण्याची कल्पनाही सुचली नसती. आमचा प्रश्न जागा बदलण्याचा असल्याने ही तुलना वगळली. प्रश्नोत्तरांत कोणी काढलीच तर बोलू.

दुसरी सूचना मी घेतली. गोव्यात साळगावला १९२४ मध्ये जन्मलेला, मुंबईच्या जे. जे.तून बाहेर काढला गेलेला आणि पुढे लंडनला गेलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्याचे 'मिस्टर सेबॅस्टियन' हे १९५५ चे चित्र : बाणांनी विद्ध होणारा संत सेबॅस्टियन, पण अंगात काळा सूट आणि बाण तोंडात, मानेत घुसलेले. त्याला आत्मचित्र म्हणता येत नाही. तरीही संताच्या अंगावर आपल्या काळचा कोट चढवला की संतपण कुठे जाते आणि काय शिल्लक राहते, हे दाखवण्यासाठी ते एन्सॉरच्या कोटाशेजारी ठेवायला योग्य आहे. कॅथलिक घरात वाढलेल्या दोघांनाही संतांच्या तसबिरी तोंडपाठ होत्या. एकच स्लाइड, दोन मिनिटे.

१२ जुलै

शेवटचा भाग, १८९५ ते १८९८. मला हा सगळ्यात रोचक वाटतो आणि या प्रतिमेवर बोलताना तो नेहमी घाईत उरकला जातो.

१८९३ मध्ये 'ले वँ' गट विसर्जित झाला. त्याच वर्षी एन्सॉरने आपल्या स्टुडिओतले सगळे काम एकरकमी ८,५०० फ्रँकला विकायला काढले आणि गिऱ्हाईक मिळाले नाही. आज त्या रकमेत काय काय आले असते याचा विचार करवत नाही. 'ब्रसेल्सप्रवेश' लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने १९८७ मध्ये घेतले. अशा दिवसांत, १८९५ मध्ये, त्याने सात वर्षांपूर्वीचे रेखाचित्र पुन्हा हाती घेतले आणि पत्र्यावर उतरवले. एचिंगकडे तो १८८६ पासून वळला होता. रंग उडतात, कॅनव्हास फाटतात, पण तांब्याचा पत्रा आणि छापखान्याची शाई टिकते, आपण उद्याच्या माणसांशी बोलू शकू, अशा अर्थाचे त्याने पुढे म्हातारपणी लिहिले आहे. तेव्हा खाजगीतला छळ त्याने अशा माध्यमात नेला जिथून त्याच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात.

१८९८ मध्ये पुढचे पाऊल. 'ला प्ल्यूम' या नियतकालिकाच्या वतीने पॅरिसमध्ये रू बोनापार्तवर 'सालाँ दे साँ' ही प्रदर्शने भरत आणि त्यांची पोस्टरे नामांकित कलावंतांकडून करून घेतली जात. म्यूशा आणि तुलूझ-लोत्रेक यांनीही ती केलेली आहेत. डिसेंबरमध्ये तिथे एन्सॉरचे प्रदर्शन झाले आणि पोस्टरसाठी त्याने हीच प्रतिमा रंगीत लिथोग्राफ (शिळाछाप) म्हणून दिली. म्यूशाच्या पोस्टरांवर केसांच्या लडी सोडलेली एखादी सुंदरी गिऱ्हाइकाला खुणावत असते. मोह, अथानासियसच्या अर्थाने. एन्सॉरच्या पोस्टरवर भुतांनी घेरलेला एक दाढीवाला माणूस आहे आणि खाली प्रदर्शनाचा पत्ता.

जाहिरात म्हणून हे फसले. प्रदर्शनाचा पॅरिसमध्ये फारसा बोलबाला झाला नाही. परंतु प्रतीकाच्या दृष्टीने इथे काहीतरी निर्णायक घडले आहे. १८८८ मध्ये भुते तक्रार होती. १८९८ मध्ये ती ओळखपत्र झाली. स्वतःचे प्रदर्शन लोकांना कशाने ओळखू यावे असा प्रश्न आला तेव्हा त्याने ना समुद्राचे चित्र दिले, ना मुखवट्यांचे. भुतांसकट स्वतःला दिले. त्यांच्यावाचून तो पुरा होत नाही हे त्याला कळले होते, आणि माझा अंदाज असा की १८९८ पर्यंत त्याला त्यांची थोडी गोडीही लागली होती. संत अंतोनीने भुतांना हाकलले. एन्सॉरने त्यांना कामाला लावले.

याचा एक वाकडा पुरावा पुढच्या आयुष्यात मिळतो. विसाव्या शतकात मान मिळत गेला, १९२९ मध्ये बेल्जियमच्या राजाने त्याला बॅरन केले, आणि तोवर त्याचे जोरकस काम बरेच मागे पडलेले होते. तो जुनी चित्रे पुन्हा रंगवत होता, संगीत रचत होता, पियानो-हार्मोनियम वाजवत होता. सन्मानाने भुते पळाली असे म्हणणे सोपे आहे आणि तंतोतंत खरे नाही, उतार बॅरनपदाच्या खूप आधी सुरू झाला होता. तरीही व्याख्यानात हे सांगेन आणि ही पुरवणीही लगेच जोडेन.

१८ जुलै

टिपणाची मजकूरजुळणी झाली. स्लाइडांचा क्रम उलटा लावला आहे : आधी १८९८ चे पोस्टर, कारण पॅरिसच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला कोणतीही पूर्वपीठिका न देता तेच दिसले होते, मग १८९५ चे एचिंग, १८८७ ची दोन मोठी कामे, रॉप्स आणि 'कॅल्व्हरी'च्या पाट्या, आणि शेवटी शोंगाउअर. संत अंतोनीची कथा मी चाळीस मिनिटे होईपर्यंत सांगणार नाही. तोवर सभासदांनी त्या दाढीवाल्याचे आणि भुतांचे जे काही जमवले असेल ते जमवू द्यावे.

चित्राखालचा मजकूर असा पक्का केला : "जेम्स एन्सॉर, 'मला सतावणारी भुते', १८९५, एचिंग. संत अंतोनीच्या छळाच्या पारंपरिक मांडणीत चित्रकाराने स्वतःला बसवले आहे. मूळ रेखाचित्र १८८८ चे. हीच प्रतिमा १८९८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाचे पोस्टर म्हणून छापली गेली." प्रतीकांचा तक्ता नाही. छापखान्याला उद्या फाइल जाते. एचिंग मूळ आकारातच छापायचे आहे, पानभर मोठे करायचे नाही, हे त्यांना फोनवर पुन्हा बजावले.